शाळेला जुने कॉम्प्युटर द्यायचेत? आमचा अनुभव सांगतो, तुमचाही हवाय

सातमाळा | शनिवार, सायं. ७:१०

नमस्कार मंडळी.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्या नाशिकच्या गटाचे फोन थांबत नाहीयेत. सातपूर-अंबडचे कारखाने, सीएंची ऑफिसं, एक पतसंस्था. सगळ्यांचं म्हणणं एकच: "मशीन झकास चालतंय, पण विंडोज ११ चढत नाही. कुठल्या तरी शाळेला देऊन टाका." विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेलं बहुतेक सगळं एका तारखेत जुनं झालं. त्यात चौथ्या, सहाव्या पिढीचे आय३, आय५ आहेत. छोटी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली की शाळेच्या कामाला ते पुढची पाच-सहा वर्षं सहज पुरतील.

मला लिहायचंय ते त्या "देऊन टाका" बद्दल.

आम्ही पाच जण दर रविवारी सकाळी एका मित्राच्या वर्कशॉपच्या माळ्यावर बसतो. सहा वर्षं झाली. पेठ, सुरगाणा, दिंडोरी या बाजूच्या जिल्हा परिषद शाळा आणि दोन अभ्यासिका, एवढाच आमचा पसारा. पहिल्या वर्षी आम्ही एका शाळेला एकदम बारा मशीन दिली. बारा मशीन, सात मॉडेलं. कुणाची रॅम डीडीआर२, कुणाची डीडीआर३, दोघांना डबा मॉनिटर (जुना, मागे फुगलेला). हार-नारळ झाला, फोटो झाले, गावाने जेवू घातलं. चौदा महिन्यांनी त्या बाजूला गेलो तेव्हा तीन चालू होती. बाकीची पोषण आहाराच्या तांदळाच्या पोत्यांमागे एकावर एक रचलेली, वर जुनी सतरंजी. सगळं आपल्याच हातून मोडलं असावं तसे गुरुजी आमच्यापुढे उभे राहिले. ते मला अजून विसरता येत नाही, कारण चूक आमची होती. बिघडलं तर कुणाला फोन करायचा एवढंसुद्धा आम्ही त्यांना सांगून आलो नव्हतो.

त्या नऊपैकी पाच मशीन त्याच दुपारी सुरू झाली. एकाचं सांगतो. गुरुजी म्हणाले, याला तीन महिन्यांपासून नेट लागत नाही. स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख होती १ जानेवारी २००९. मदरबोर्डवरचा बटणाएवढा सेल, सीआर२०३२, संपलेला. लाइट गेली की घड्याळ मागे जायचं, आणि घड्याळ मागे गेलं की ब्राउझरच्या हिशेबाने कुठल्याही वेबसाइटचं प्रमाणपत्र अजून सुरूच झालेलं नसतं, म्हणून तो साइट उघडत नाही. गाडीच्या रिमोटमध्ये असतो तोच सेल, वीस-तीस रुपयांचा. त्यापायी तीन महिने मुलांना त्या मशीनजवळ कुणी बसू दिलं नव्हतं. दुसरं चालू करताना नुसतं बीप बीप करायचं. रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या एका मुलीच्या कंपासमधल्या खोडरबराने घासल्या, परत दाबून बसवली. बीप थांबलं. ती मुलगी तेव्हा तिसरीत होती. हे तिने नुसतं बघितलं, आणि पुढच्या खेपेला तिने स्वतः दुसऱ्या मशीनची रॅम घासून ठेवली होती!

तेव्हापासून आमची पद्धत बदलली. एका शाळेत एकाच मॉडेलची मशीन द्यायची. सहाच असली तरी चालेल, पण सारखी, म्हणजे एकाचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) गेला तर दुसऱ्याचा बसतो. सोबत एक अख्खं मशीन नुसतं सुट्या भागांसाठी. धूळ ब्लोअरने उडवायची, प्रोसेसरवरची वाळून खडू झालेली पेस्ट काढून नवी लावायची, सेल नवाच घालायचा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर डोक्यावर फुगलेले दिसले तर ते मशीन सरळ सुट्या भागांत. जुनी हार्ड डिस्क बहुतेक वेळा बदलतोच. एसएसडीने जेवढा फरक पडतो तेवढा दुसऱ्या कशाने पडत नाही. आठ तास सलग चालवून बघितल्याशिवाय मशीन माळ्यावरून खाली उतरत नाही.

वर विंडोजऐवजी लिनक्स मिंट (फुकट मिळणारी सिस्टिम), हलकं एक्सएफसीई वालं. ४ जीबी रॅमवर नीट चालतं. लिब्रेऑफिस (वर्ड-एक्सेलसारखं फुकट सॉफ्टवेअर) मराठीत. मराठी कीबोर्ड इन्स्क्रिप्ट (सरकारमान्य मांडणी) आणि गमभन (इंग्रजी अक्षरांच्या उच्चाराने) दोन्ही. जिथे नेट नाही तिथे किविक्सवर (नेटशिवाय विकिपीडिया वाचायचं सॉफ्टवेअर) अख्खा मराठी विकिपीडिया, ई-बालभारतीची पुस्तकं आणि स्टोरीवीव्हर या साइटवरच्या मराठी गोष्टी आधीच भरून नेतो. त्या गोष्टी सगळ्यात जास्त उघडल्या जातात, हे आवर्जून सांगतो.

पेंटियम ४ आणि डबा मॉनिटर आता कुणी पाया पडून दिले तरी घेत नाही. ती जोडी दीड-दोनशे वॅट खाते. त्याऐवजी साधा डेस्कटॉप आणि एलसीडी धरला तर दहा मशीन तासभर चालून साधारण एक युनिट. शाळेचं बिल कोण भरतं हे ज्याला माहीत आहे त्याला हा फरक कळेल.

आणि वर्षभर दर महिन्याला एक चक्कर. ही चक्कर जमणार नसेल त्या शाळेला आम्ही मशीन देत नाही. वाईट वाटतं, पण देत नाही.

आत्ता माळ्यावर चाळीस मशीन आली आहेत, एका कारखान्याकडून, सगळी एकाच मॉडेलची. असं पहिल्यांदाच घडलंय. शिक्षक मंडळींनो, मनात काही न ठेवता सांगा: काय दिलेलं उपयोगी पडतं, आणि काय अजिबात नको?

---

खडूफळा | शनिवार, रात्री ९:४२

सातमाळा सर, विचारलंत म्हणून लिहितो. मी कळवण तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत आहे.

आमच्याकडे एक "कॉम्प्युटरची खोली" आहे. तिला कुलूप असतं. आत नऊ मशीन, एकही चालू नाही. कुणी दिली ते नाव लिहीत नाही, त्यांचा हेतू चांगलाच होता. पण ही मशीन आम्हाला फेकता येत नाहीत. देणगी आली की डेड स्टॉक रजिस्टरला (शाळेच्या मालमत्तेच्या वहीत) नोंद होते. नोंद झाली की वस्तू मुख्याध्यापकाच्या अंगावर. बदली झाली की चार्ज देताना माउससकट मोजून द्यावी लागते. नको असेल तर निर्लेखनाचा (वस्तू नोंदीतून काढून टाकण्याचा) प्रस्ताव करा, तपासणी होऊ द्या, मंजुरी येऊ द्या, मग पुढचं. या नऊ मशीनच्या काळात दोन मुख्याध्यापक सेवानिवृत्त झाले, प्रस्ताव अजून फिरतोय.

आणि याचा परिणाम असा की जे चालू असतं तेसुद्धा मुलांच्या हाती लागत नाही. मोडलं तर माझ्या अंगावर येईल, ही भीती. मी कुणाला दोष देत नाही, मी स्वतः त्या जागी असतो तर कुलूपच लावलं असतं.

चौथीचा वर्ग आमच्याकडे व्हरांड्यात बसतो. खोली नाही म्हणून. खोली आहे, पण तिच्यात बंद कॉम्प्युटर आहेत.

त्यामुळे "काय नको" याचं उत्तर: जे परत नेता येणार नाही ते नको.

---

तांबेपितळ | शनिवार, रात्री १०:२०

खडूफळा सरांचा शेवटचा शब्द खरा आहे. मी ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत रीसायकलरकडे नोकरीला आहे, त्यामुळे मशीन मेल्यानंतरची बाजू मी बघतो.

जगात २०२२ साली ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन रीसायकल झाल्याची नोंद आहे. उरलेला कुठे जातो ते दिल्लीच्या सीलमपूरला किंवा मुरादाबादला बघायला मिळतं. तांबं काढायला वायरी जाळायच्या, सर्किट बोर्ड भाजायचे, सोन्यासाठी ॲसिडात बुडवायचे. मुरादाबादला त्याची राख रामगंगेच्या काठावर. तुमच्या गावातला भंगारवाला वाईट माणूस नाही, पण त्याच्या पुढच्या तिसऱ्या हातात हेच होतं.

देणगीवाल्यांना माझी विनंती: शाळेला "मेल्यावर आम्ही घेऊन जाऊ" हे लिहून द्या. २०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यात दुरुस्ती करून पुन्हा वापरात आणणाऱ्यांसाठी आणि रीसायकलरसाठी वेगळी नोंदणी आहे. मोठ्या प्रमाणावर धंदा म्हणून करणाऱ्यांनी तिकडे नोंदणी करावीच. तुमच्यासारख्या गटाने निदान एका नोंदणीकृत रीसायकलरशी कायमचं नातं ठेवावं आणि प्रत्येक खेपेची पावती जपावी. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई ई-कचरा नेतात. इतर शहरांत महापालिकेकडे चौकशी करा.

डबा मॉनिटर नाकारता ते योग्यच. त्याच्या काचेत शिसं असतं, किलोच्या हिशेबात. तो फुटला तर मुलांना त्या खोलीत पाठवू नका.

लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली, टचपॅड वर उचललेला दिसला किंवा झाकण नीट बसत नसेल, तर चार्जर काढा आणि लॅपटॉप कुणी उघडत बसू नका. टोचली गेली तर पेट घेते. कोरड्या वाळूच्या बादलीत, माणसांपासून लांब ठेवा आणि आमच्यासारख्याला बोलवा. हे मी रोज बघतो म्हणून इतकं ठासून लिहितोय.

---

हडसनकाठ | रविवार, पहाटे ४:५५

न्यू जर्सीहून लिहितोय. वाचून गलबलून आलं. इथे आमच्या मंडळात दीडशे कुटुंबं आहेत आणि ऑफिसांतून उत्तम लॅपटॉप दर तीन-चार वर्षांनी बाहेर पडतात. एक कंटेनर भरून पाठवला तर? वाहतूक खर्च आम्ही उचलू.

---

मांडवीतीर | रविवार, सकाळी ८:३०

हडसनकाठ, तुमच्या भावनेला नमस्कार. गोव्यात हे एकदा झालेलं आहे. २००० च्या आसपास परदेशातल्या गोंयकारांनी जुने कॉम्प्युटर कंटेनरने गोव्यातल्या शाळांसाठी पाठवले होते, आणि त्यांवर लिनक्स चालवायला इथल्या लिनक्सवाल्या पोरांनी मदत केली होती. त्या काळात शाळेत कॉम्प्युटर असणं हीच नवलाई होती, त्यामुळे त्या मशीननी पुष्कळ मुलांना पहिला हात लावू दिला.

पण आज तो मार्ग बरोबर नाही. एक तर परदेशातून वापरलेलं इलेक्ट्रॉनिक सामान आणायचं म्हणजे २०१६ च्या घातक कचरा नियमांखालची परवानगी लागते, आणि ते नियम कडक आहेत ते चांगल्याच कारणासाठी: देणगीच्या नावाने कचरा इकडे येऊ नये. दुसरं म्हणजे आता आपल्याकडेच ढीग पडलाय. सातमाळांच्या माळ्यावर चाळीस आहेत, बंगळुरू-पुण्यात हजारोंनी असतील. तुटवडा मशीनचा नाही, हातांचा आहे.

तुमच्याकडून होण्यासारखं एक काम आहे. लिब्रेऑफिस, कोलिब्री (नेटशिवाय शिकायचं सॉफ्टवेअर) यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे मराठी अनुवाद अर्धवट किंवा बोजड आहेत. तिथे घरबसल्या काम करता येतं. सातवीच्या मुलाला मेनू वाचून कळला पाहिजे अशी मराठी लिहिणारी माणसं हवी आहेत, आणि तुम्ही इथे लिहिता ती मराठी तशीच आहे.

आमच्याकडच्या दमट हवेबद्दल थोडं. कोकण-गोव्यात मशीन जास्त करून पावसाळ्यात मरतात. जून ते सप्टेंबर बंद ठेवलं की कनेक्टर हिरवे पडतात. आठवड्यातून दोनदा अर्धा तास चालू ठेवणे हा सगळ्यात स्वस्त उपाय. आतली ऊब ओल घालवते. आजोळी पुस्तकांच्या कपाटात पिवळा बल्ब लावून ठेवत, तेच तत्त्व. आणि टेबल भिंतीपासून हातभर पुढे. भिंतीला टेकवलेलं मशीन ओल पितं.

---

हडसनकाठ | रविवार, सकाळी ८:५२

पटलं. अनुवादाचं कुठून सुरू करायचं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आजच आमच्या मंडळात विचारतो, निदान चार जण नक्की येतील.

---

ताळेबंद | रविवार, सकाळी १०:१५

मी सीए आहे, माझ्या ऑफिसची सात मशीन द्यायची आहेत. डेटा सगळा डिलीट करून फॉरमॅट मारलाय. एवढं पुरे ना?

---

सातमाळा | रविवार, दुपारी १:४०

ताळेबंद, नाही, पुरे नाही. आणि तुमच्या बाबतीत तर अजिबात नाही.

नुसत्या फॉरमॅटने पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली जाते, पानं तशीच राहतात. दोन वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ आले होते. त्यांच्यासमोरच त्यांच्या "रिकाम्या" डिस्कवर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली परत काढणारं सॉफ्टवेअर चालवलं. ते फुकट मिळतं, कुणीही चालवू शकतं. चहा येईपर्यंत स्क्रीनवर पॅन कार्डं, सह्या केलेले चेक, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाचे फोटो यायला लागले. ते गृहस्थ खुर्चीतून उठून उभे राहिले. चहा तसाच राहिला.

साध्या फिरत्या हार्ड डिस्कवर आम्ही एनवाइप हे डिस्क पुसायचं सॉफ्टवेअर चालवतो. सगळ्या डिस्कवर एकदा नवीन काहीबाही लिहून काढलं की आजच्या डिस्कसाठी ते पुरतं, सात-सात वेळा पुसायची गरज नाही. ५०० जीबीला दोन-तीन तास जातात. एसएसडीचं तंत्र वेगळं. तिथे वरून लिहून भागत नाही, कारण ती आत आपल्या मनाने जागा बदलते. तिला तिच्याच सिक्युअर इरेजच्या आज्ञेने पुसायचं. आणि जी डिस्क खराब होऊन पुसताच येत नाही तिला आम्ही ड्रिलने तीन भोकं पाडतो.

तुमच्यासमोर पुसून, डिस्कचा सिरियल नंबर लिहून सहीचा कागद देतो. तुमच्या पक्षकारांची माहिती आहे ती. तुम्ही स्वतः येऊन बघा असाच माझा आग्रह राहील.

कंपन्यांसाठी आणखी एक: लॅपटॉप देण्याआधी तुमच्या आयटीवाल्याकडून बायोसचा (मशीन सुरू होतानाचा) पासवर्ड आणि कंपनीच्या खात्याचं कुलूप काढून घ्या. नवीन सिस्टिम टाकल्यावरही मशीन कंपनीचा ईमेल मागत बसतं. असे अकरा लॅपटॉप आमच्याकडे पाच महिने पडून होते. ज्यांनी दिले तिथला ओळखीचा माणूस नोकरी सोडून गेला होता.

---

टंकसाधक | रविवार, दुपारी ३:०५

लातूरला माझी टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण लिनक्सबद्दल वेगळं मत मांडतो.

खेड्यातल्या मुलासाठी कॉम्प्युटर म्हणजे नोकरी. लिपिकाच्या जाहिरातीत मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचं प्रमाणपत्र मागतात. राज्य परीक्षा परिषदेची टायपिंग परीक्षा विंडोजच्या वातावरणात होते. बँकेत, तहसीलला, सीएससी (सरकारी सेवांच्या) केंद्रात सगळीकडे विंडोज. मुलाने शाळेत एक शिकायचं आणि बाहेर दुसरं बघून गोंधळायचं, हे त्याच्यावर अन्यायाचं नाही का? शहरातल्या मुलाला हा प्रश्न पडत नाही, त्याच्या घरी दोन्ही असतं.

---

सातमाळा | रविवार, दुपारी ४:३०

टंकसाधक, तुमचा मुद्दा वजनदार आहे आणि त्यावर आमच्यातही दोन मतं आहेत.

चौथी-पाचवीसाठी माझी खात्री आहे. बोटं कीबोर्डवर बसणं, फाइल कुठे ठेवली ते आठवणं, तक्ता भरणं, चुकलं तर मागे येणं, हे सगळं कुठल्याही सिस्टिमवर सारखंच शिकता येतं. केरळच्या सरकारी शाळा पंधरा वर्षांहून जास्त काळ लिनक्सवर आहेत आणि तिथली मुलं नोकऱ्यांत मागे पडलेली नाहीत. शिवाय व्हायरसचा प्रश्न. पेनड्राइव्हने गावभर फिरणाऱ्या व्हायरसने आमची पहिल्या वर्षीची चार मशीन खाल्ली. लिनक्सवर गेल्यापासून त्यासाठी एकही चक्कर मारावी लागलेली नाही.

पण नववी-दहावीच्या मुलांना, विशेषतः अभ्यासिकेत येणाऱ्या स्पर्धा परीक्षांच्या मुलांना, तुमचं म्हणणं लागू पडतं. तिथे आम्ही आठव्या किंवा पुढच्या पिढीचं आणि अधिकृत विंडोज असलेलं मशीन मिळालं तर तेच देतो. चोरून टाकलेलं विंडोज मात्र कधीच नाही. शाळेत मुलाला दिलेली पहिली वस्तू चोरीची असू नये असं मला मनापासून वाटतं.

तुमच्याकडे एक मागणं. इन्स्टिट्यूटमध्ये बोटं बसवायचे जे धडे तुम्ही देता, त्यांतले मराठीचे पहिले दहा धडे आम्हाला द्याल का? आमच्या मशीनवर इन्स्क्रिप्ट आहे, पण ते क्रमाने शिकवायचं कसं हे आमच्यापैकी कुणालाच धड येत नाही.

---

टंकसाधक | रविवार, सायं. ५:१२

देतो. माझे धडे रेमिंग्टनचे (जुन्या टाइपरायटरच्या मांडणीचे) आहेत, इन्स्क्रिप्टसाठी नव्याने बसवावे लागतील. आठवडा द्या. आधी मधल्या ओळीतले स्वर आणि क, त, र, प. डाव्या हाताला स्वर, उजव्याला व्यंजनं, ही विभागणी एकदा मुलाच्या डोक्यात बसली की पुढचं सोपं आहे.

---

गोधडी | रविवार, रात्री ८:४८

मुंबईत गोवंडीला आम्ही काही बायका मिळून एक वाचनालय चालवतो, तिथे पाच जुनी मशीन आहेत. शाळेपेक्षा वेगळी गोष्ट सांगते.

पहिले दोन महिने मी टिपून ठेवलं: माउस कुणाच्या हातात असतो. पाचही मशीनवर दोन-दोन, तीन-तीन मुलं बसायची आणि माउस जवळजवळ नेहमी मुलाच्या हातात. मुली मागून बघायच्या, "ते दाब, ते दाब" म्हणायच्या. कुणी त्यांना अडवत नव्हतं, तरीही. मग मंगळवार आणि गुरुवार फक्त मुलींचे केले. पहिल्या मंगळवारी सातवीतली एक मुलगी नुसती माउस फिरवत बसली, वीस मिनिटं, बाण कुठे जातो ते बघत. मी तिला काही सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात तिने आईच्या घरकामाच्या पगाराचा तक्ता केला, कुठल्या घरातून किती आणि कुणी किती दिवस कापले. आईला वाचता येत नाही. मुलीने तिला एक-एक ओळ बोट ठेवून सांगितली, आणि एका घरातून दोन महिने चारशे रुपये कमी येत होते ते सापडलं. आई ते पैसे मागून घेऊन आली.

तर सातमाळादादा, मशीन देताना शाळेशी बोलताना वेळापत्रकसुद्धा ठरवून घ्या. कुणी, कधी, किती वेळ. नाहीतर सहा मशीन असूनही अर्धी शाळा बघतच राहते.

आणि संध्याकाळी शाळा सुटल्यावर मशीन गावातल्या मोठ्या मुलांना, बायकांना वापरता येतील का, हेही विचारा. आमच्याकडे सगळ्यात जास्त गर्दी शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायच्या दिवसांत असते. सायबरवाला एका फॉर्मचे शंभर रुपये घेतो.

---

माळरान | रविवार, रात्री ९:३०

केंद्रप्रमुख (काही शाळांच्या गटाचा अधिकारी) आहे, जिल्हा सांगत नाही. खडूफळा सरांच्या अडचणीवर आमच्या केंद्रात एक वाट निघाली, ती लिहितो.

देणगी म्हणून घ्यायचंच नाही. गटाने मशीन "वापरासाठी तात्पुरती दिलेली, मालकी देणाऱ्याची" असं पत्र द्यायचं. त्यात संख्या, सिरियल नंबर, मुदत आणि बिघडल्यास किंवा मुदत संपल्यावर देणारा स्वखर्चाने परत नेईल हे वाक्य. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव घ्यायचा. नोंद वेगळ्या वहीत, डेड स्टॉकला नाही. आमच्या तीन शाळांत लेखापरीक्षणाच्या वेळी पत्र आणि ठराव दाखवला, प्रश्न आला नाही. सगळीकडे असंच चालेल असं म्हणणार नाही, आधी आपल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र दाखवून घ्या.

फरक काय पडला ते सांगतो. तिन्ही मुख्याध्यापकांनी खोलीचं कुलूप काढलं.

---

सातमाळा | रविवार, रात्री १०:०५

माळरान सर, सहा वर्षांत हे आम्हाला सुचलं नाही. आम्ही "कायमचं देतो" यातच मोठेपणा मानत होतो. पत्राचा मसुदा व्यनिने पाठवाल का? नावं काढून इथेही टाकूया, सगळ्यांना उपयोगी पडेल.

चाळीस मशीनचा हिशेब आज संपवला. एकतीस उत्तम. पाच सुट्या भागांसाठी. चार अगदीच गेलेली, ती तांबेपितळ सांगतील तिथे जातील, पावती घेऊन. एकतीसमधली चार राखीव ठेवतो. उरलेली सत्तावीस तीन शाळांत, नऊ-नऊ. चौथी शाळा या खेपेला नाही, चक्कर मारायला माणूस नाही.

खडूफळा सर, तुमची शाळा आमच्यापासून दोन तासांवर आहे. तुमची तयारी असेल तर पहिली नऊ तुमच्याकडे. पण आधी त्या खोलीचं बघू. निर्लेखनाचा प्रस्ताव कुठे अडकलाय ते कळलं तर त्याचा पाठपुरावा आम्हीही करू. जुन्या नऊ मशीनचं काय चालू आहे काय बंद, याचा लेखी तांत्रिक अहवाल आम्ही सहीनिशी देतो. त्याने तपासणीचं काम सोपं व्हावं.

---

खडूफळा | सोमवार, सायं. ६:२०

सर, आज मुख्याध्यापकांना धागा वाचून दाखवला. माळरान सरांचं पत्र त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मंगळवारी समितीची बैठक आहे, ठरावाचा विषय घेतलाय. तांत्रिक अहवाल मिळाला तर प्रस्तावाला जोडतो म्हणाले.

खोली मोजली. अठरा बाय वीस फूट. प्लग पॉइंट सहा, त्यांतले दोन जळालेले. खिडकीला जाळी नाही, उंदीर आहेत. पंख्याच्या बटणाला हात लावला की कधीकधी झिणझिण्या येतात, मुलं म्हणतात "गुरुजी, भिंत चावते." गोधडीताईंनी सांगितलं तसं वेळापत्रक करतोय, मुलींचे दोन वार आधी लिहिलेत. गावातल्या बचत गटाच्या बायकांना संध्याकाळचा एक तास द्यायला सरपंच तयार आहेत.

---

सातमाळा | सोमवार, सायं. ७:०२

भिंत चावते म्हणजे कुठेतरी वीज गळतेय, आणि अर्थिंग नाही किंवा तुटलंय. दुरुस्त होईपर्यंत त्या बटणाला कुणालाच हात लावू देऊ नका, आणि शक्य असेल तर त्या खोलीचा फ्यूज काढूनच ठेवा. मशीन नंतर, आधी हे.

रविवारी सकाळी आमच्या ओळखीच्या वायरमनला घेऊन येतो. प्लग पॉइंट, अर्थिंग आणि गळतीला पटकन बंद होणारा स्विच, तिन्ही एका दिवसात होतील. खिडकीची जाळी आम्ही आणतो, माप पाठवा.

अर्थिंगच्या खड्ड्यासाठी जागा बघून ठेवा. शाळेच्या नळाजवळ किंवा हात धुवायच्या जागेच्या उताराला, जिथे उन्हाळ्यातही माती ओली राहते तिथे.